पहिले औषध निष्प्रभ ठरल्यानंतर

रक्तदाबाची गोळी लागू पडली नाही तर डॉक्टर ती बदलून देतात, आणि त्या बदलाची घरात फारशी चर्चाही होत नाही. नैराश्यावरील गोळी बदलण्याची वेळ आली म्हणजे मात्र निराळेच वातावरण निर्माण होते. औषधाने गुण आला नाही, त्या अर्थी मुळात रोगच नव्हता, सारे मनाचे खेळ होते, असे वडीलधारी मंडळी बोलू लागतात. रुग्णाचा निष्कर्ष याहून भीषण असतो. औषधाचाही इलाज चालला नाही, आता मार्गच उरला नाही, असे तो मनाशी ठरवून टाकतो. आशा खुंटणे हेच ज्या विकाराचे लक्षण, त्या विकारात औषधाच्या अपयशाचा अर्थ लावण्याचे कामही विकारच करीत असतो. पहिल्या औषधानंतर दुसऱ्याकडे जाण्याचा प्रश्न केवळ वैद्यकाचा राहत नाही तो यामुळे.

वास्तविक हे अपयश मुळीच अपवादात्मक नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या खर्चाने झालेल्या ‘स्टार-डी’ या पाहणीचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत सुमारे ४,००० रुग्ण होते आणि सर्वांना प्रथम सिटॅलोप्रॅम हे एकच औषध देण्यात आले. त्याने पूर्णपणे लक्षणमुक्त झालेल्यांचे प्रमाण, कोणती मोजपट्टी लावावी त्यानुसार, २८ ते ३३ टक्के भरले. उरलेल्यांपैकी अनेकांचे औषध बदलण्यात आले; कोणाला सर्ट्रालिन, कोणाला ब्युप्रोपिऑन, तर कोणाला व्हेन्लाफॅक्सिन मिळाले. यांपैकी सर्ट्रालिन हे पहिल्या औषधाच्याच कुळातले, तर ब्युप्रोपिऑनची मेंदूवर काम करण्याची रीत अगदी वेगळी. तरीही तिन्ही गटांत साधारणतः चौघांपैकी एकच रुग्ण लक्षणमुक्त झाला आणि गटागटांत लक्षणीय फरक आढळला नाही. दुसरे औषध कोणते, यापेक्षा दुसरा प्रयत्न होतो की नाही, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा, असाच या आकड्यांचा रोख दिसतो.

याच पाहणीतील दुसऱ्या एका आकड्याची हकीकत उद्बोधक आहे. चार पायऱ्यांअखेर एकूण ६७ टक्के रुग्ण बरे होतात, असे तेव्हा जाहीर झाले आणि पुढे अनेक वर्षे तो आकडा पाठ्यपुस्तकांतून फिरत राहिला. परंतु उपचार मध्येच सोडून गेलेले रुग्णही टिकून राहिलेल्यांइतकेच बरे झाले असते, हे त्यात गृहीत धरलेले होते. दुकानाची पायरी पुन्हा न चढलेले गिऱ्हाईक समाधानी होते असे समजून कोणी नफ्याचा हिशेब मांडीत नाही; येथे मात्र तो मांडला गेला. २०२३ मध्ये ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात मूळ आराखड्यातील निकष काटेकोरपणे लावून फेरमांडणी प्रसिद्ध झाली, तेव्हा हे प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांवर आले. शिवाय पाहणीत औषधाविना असलेला तुलनेचा गट नव्हता, त्यामुळे यशातील किती वाटा औषधाचा आणि किती काळाचा, हेही तीवरून सांगता येत नाही. ६७ आणि ३५ यांमधील अंतराचा एक मोठा भाग सोडून गेलेल्या माणसांचा आहे, आणि आपल्या दृष्टीने खरा विषय त्यांचाच आहे.

आरंभापासूनच लागू न पडलेले औषध वेगळे, आणि वर्ष-दोन वर्षे उत्तम चालून मग निष्प्रभ झालेले वेगळे. दुसऱ्या प्रकारात धक्का अधिक बसतो, कारण माणूस सावरलेला असतो, कामावर रुजू झालेला असतो. इंग्लंडमध्ये दीर्घकाळ औषध घेऊन बरे वाटत असलेल्या ४७८ रुग्णांची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. ज्यांचे औषध हळूहळू बंद केले त्यांच्यापैकी ५६ टक्क्यांचे नैराश्य वर्षभरात उलटले. ज्यांनी औषध नियमित चालू ठेवले त्यांच्यातही हे प्रमाण ३९ टक्के होते. औषधाचा उपयोग यातून सिद्ध होतो, तसेच गोळी न चुकवता घेऊनही रोग परत येऊ शकतो, हेही. गोळ्या नीट घेतल्या नसतील, हा घरच्यांचा ठरलेला आरोप त्यामुळे दर वेळी खरा धरता येत नाही.

असे का होते, याचे निर्णायक उत्तर वैद्यकाजवळ नाही. या औषधांचा शोधच मुळी अपघाताने लागला. न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात १९५२ मध्ये क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड दिले असता ते रोगी अनपेक्षितपणे उल्हसित दिसू लागले, तेथून या शाखेचा आरंभ झाला. परिणाम आधी दिसला आणि कारणमीमांसा मागाहून जुळवली गेली; ती अद्याप पुरी झालेली नाही. तेव्हा औषध थकले असे म्हणण्यापूर्वी जाणता मनोविकारतज्ज्ञ इतर शक्यता तपासतो. मात्रा पुरेशी होती काय, चार ते सहा आठवडे तरी दिले होते काय, थायरॉइड मंदावले आहे काय, मद्यपान वाढले आहे काय, आणि ज्याला नुसते नैराश्य समजलो ती उन्माद व नैराश्य आलटून पालटून येण्याची द्विध्रुवी विकृती तर नव्हे, हे प्रश्न चिठ्ठी बदलण्याच्या आधीचे आहेत. औषध बदलणे हा एकच पर्याय असतो असेही नाही. अमेरिकेतील १,५२२ माजी सैनिकांच्या २०१७ मधील चाचणीत औषध पूर्ण बदललेल्यांपैकी २२ टक्के, तर जुन्याच्या जोडीला ॲरिपिप्राझोल दिलेल्यांपैकी २९ टक्के लक्षणमुक्त झाले. फरक मोठा नाही, आणि जोडऔषधाचे दुष्परिणाम निराळे असतात.

प्रत्यक्ष बदल हा नाजूक व्यवहार आहे. व्हेन्लाफॅक्सिन किंवा पॅरोक्सेटिन एकदम सोडले तर चक्कर, निद्रानाश, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना अशी लक्षणे उद्भवतात, आणि अनेकदा रोगच बळावला असा गैरसमज होतो. म्हणून जुन्याची मात्रा उतरवीत नव्याची चढवली जाते. फ्लुओक्सेटिन शरीरात इतके रेंगाळते की, जुन्या एम.ए.ओ. गटातील औषध सुरू करण्यापूर्वी पाच आठवडे थांबावे लागते. पंचविशीच्या आतील रुग्णांत औषध सुरू करताना किंवा मात्रा बदलताना पहिल्या काही आठवड्यांत आत्मघाताचे विचार वाढण्याचा धोका असल्याचा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ पासून वेष्टनावर सक्तीचा केला आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या पालकांनी हे लक्षात ठेवले पाहिजे. थोडक्यात, बदलाच्या दोन-अडीच महिन्यांत रुग्णाने तीन-चार वेळा तरी डॉक्टरांसमोर बसणे आवश्यक असते.

येथेच आपल्याकडील व्यवस्थेची मेख आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्यांचा समावेश होता. महाराष्ट्र त्यांत नव्हता. त्यानुसार नैराश्याच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नव्हते. उरलेल्यांना पहिली चिठ्ठी मिळाली असे धरले, तरी दुसरीचे काय? तालुक्याच्या गावच्या कारकुनाला जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे म्हणजे एक रजा, एस.टी.चे भाडे, केसपेपरची रांग आणि साहेबाला सांगायचे एक खोटे कारण. रोजंदारीवरच्या माणसाचा त्या दिवसाचा रोज बुडतो. गोळ्यांच्या किमतीपेक्षा हा खर्च पुष्कळदा मोठा असतो आणि तो दर खेपेस नव्याने करावा लागतो. त्यातच पहिल्या खेपेला फळ मिळालेले नसते. ज्या बियाण्याने एकदा दगा दिला त्यावर शेतकरी पुन्हा पैसा घालताना कचरतो, मग येथे तर कचरणाऱ्याची उमेदच रोगाने खाल्लेली असते.

कायदा या बाबतीत मागे नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अत्यावश्यक यादीतील औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व सरकारी रुग्णालयांत मनोरुग्णांना विनामूल्य देण्याची जबाबदारी शासनावर टाकली, आणि शारीरिक आजाराप्रमाणेच मनोविकाराचाही विमा उतरवण्याची सक्ती केली. पण २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत नैराश्यासाठी औषधे आहेत तीनच, ॲमिट्रिप्टिलिन, एस्सिटॅलोप्रॅम आणि फ्लुओक्सेटिन. त्यांतली शेवटची दोन एकाच कुळातली, आणि पहिले जुन्या पिढीचे, अतिमात्रेत जिवावर बेतणारे. जो रुग्ण या तिन्हींपलीकडे गेला त्याने बाजाराची वाट धरायची. विम्याचा भरही बहुतांशी रुग्णालयात दाखल होण्यावर असतो. नैराश्याचा सामान्य रुग्ण दाखल होतच नाही, तो गोळ्या घेतो आणि खेपा घालतो.

मार्ग अगदीच नाही असे नाही. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये वैद्यकीय पदवी नसलेल्या, परंतु प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी नैराश्याच्या रुग्णांचा पाठपुरावा केला, तेव्हा सरकारी केंद्रांतील रुग्ण अधिक प्रमाणात बरे झाले, असे २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसून आले. औषध बदलण्याचा निर्णय अशा समुपदेशकाने घ्यावयाचा नसतो. चौथ्या आठवड्यात गोळी चालू आहे काय, झोप लागते काय, हे विचारणे आणि उत्तर नकारार्थी आल्यास पुढची तारीख मिळवून देणे, एवढे तो निश्चित करू शकतो. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक आहे. त्यावर रुग्णाने फोन करावा अशी अपेक्षा असते. ज्याने दुसरी खेप चुकवली त्याला उलट फोन जाईल, अशी सोय जिल्हा रुग्णालयांनी करावयास हवी. किती नवे रुग्ण तपासले, या आकड्याबरोबर त्यांपैकी किती सहा आठवड्यांत परत आले, हा आकडाही जिल्हावार प्रसिद्ध करणे शासनाला अवघड नाही. सरकारी नोकरांच्या वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीत बाह्यरुग्ण मनोविकारोपचाराला स्पष्ट स्थान द्यावे, ही मागणी शिक्षक आणि कारकुनांच्या संघटनांनी महागाई भत्त्याच्या मागणीशेजारी मांडावयास काहीच हरकत नाही. आजवर ती त्यांच्या निवेदनांत क्वचितच दिसते.