लिंकची मांडणी आणि शोधणाऱ्याचा वेळ

शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा निकाल, वसतिगृहाचा प्रवेश ही सर्व कामे आता संगणकावर किंवा मोबाईलवर करावी लागतात. मुदत संपत आलेली असते आणि हवे ते पान सापडत नाही. अशा वेळी घरातून पहिल्यांदाच कॉलेजात गेलेला विद्यार्थी "मला संगणक नीट येत नाही" म्हणून स्वतःलाच दोष देतो. पुष्कळदा दोष त्याचा नसून पानावरील लिंकच्या मांडणीचा असतो. या विषयाचा बराच अभ्यास झालेला आहे. तो सभासदांना व विद्यार्थ्यांना माहीत व्हावा म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्या शब्दावर क्लिक केले असता दुसरे पान उघडते, ती लिंक. एका पानावर अशा लिंक किती असाव्यात? सातापेक्षा जास्त नकोत, असे छातीठोकपणे सांगणारे आजही भेटतात. त्यासाठी जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाच्या १९५६ सालच्या निबंधाचा दाखला दिला जातो. परंतु मिलर यांचा विषय थोड्या वेळापुरते लक्षात ठेवण्याचा होता. पानावरील यादी डोळ्यांसमोरच असते. ती कोणी पाठ करीत नाही.

केविन लार्सन व मेरी चेरविन्स्की या संशोधकांनी १९९८ साली ५१२ पानांचा संग्रह तीन तऱ्हांनी मांडून पाहिला. एकीत आठ लिंक, त्या प्रत्येकीखाली आठ आणि पुन्हा आठ, अशा तीन पायऱ्या होत्या. दुसरीत आधी १६ व मग ३२, तिसरीत आधी ३२ व मग १६, अशा दोनच पायऱ्या. आटोपशीर दिसणारी आठ-आठ-आठची मांडणीच सर्वांत संथ ठरली. १६ व ३२ ची सर्वांत जलद. कारण उघड आहे. प्रत्येक पायरीवर नवी यादी वाचून निर्णय घ्यावा लागतो, आणि एक निर्णय चुकला की मागे फिरावे लागते. त्यात नेटवर्क कमजोर असेल तर विचारायलाच नको.

मात्र म्हणून शंभर लिंक एकाखाली एक ओतून चालत नाही. यादी ओळखीची व क्रमवार असेल तर नजर थेट जागेवर जाते. अनोळखी आणि विस्कळीत यादीत एकेक ओळ तपासावी लागते. यादी दुप्पट झाली की वेळही जवळजवळ दुप्पट होतो.

वर्णक्रम लावला की प्रश्न सुटला, असेही नाही. समजा, गावाहून आलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही. राहण्या-जेवण्याच्या खर्चासाठी मदत मिळते, एवढेच त्याने ऐकले आहे. तो 'वसतिगृह' शोधतो. योजनेचे नाव तर 'भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना'! म्हणजे 'व' खाली काही नाही आणि 'भ' खाली पाहण्याचे त्याला सुचणार नाही. अधिकृत नाव ठेवावेच, पण शेजारी 'वसतिगृह न मिळालेल्यांसाठी मदत' एवढे लिहिले तरी काम होते. पीटर पिरोली व स्टुअर्ट कार्ड या संशोधकांनी याला माहितीचा 'गंध' म्हटले आहे. लिंकच्या शब्दांवरून आत काय आहे याचा वास लागला तरच माणूस पुढे जातो. 'येथे क्लिक करा' या शब्दांना कसलाच वास नाही.

लिंक पानावर कोठे असावी, हा वेगळा प्रश्न. अमेरिकेतील विचिटा स्टेट विद्यापीठात २००१ साली लिंकच्या चार जागांची तुलना झाली. शोधण्याच्या वेळेत लक्षणीय फरक पडला नाही, पण मजकुरातच गुंफलेल्या लिंक लोकांना अधिक सोयीच्या वाटल्या. म्हणजे वेग आणि समाधान या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. "आवडले का?" एवढेच विचारणाऱ्याला अर्धेच उत्तर मिळते.

आपल्यापैकी जे विद्यार्थी संगणकाचे शिक्षण घेत आहेत, त्यांनी एखाद्या संस्थेचे पान तयार केल्यावर ते कधीही न पाहिलेल्या चार-पाच जणांना बोलवावे. त्यात एखादी दहावीची मुलगी असावी, एखादे निवृत्त काका असावेत. एक वस्तू शोधायला सांगून घड्याळ लावावे. त्यांनी कोणत्या चुकीच्या लिंकवर आधी बोट ठेवले ते लिहून घ्यावे, आणि "इकडे दाबा" असे मध्येच सांगू नये.