ध्वनियंत्रांची मांडणी

घरातील ध्वनियंत्रांसाठी मांडणी विकत घ्यावी की सुताराकडून करून घ्यावी, हे तिच्यावर कोणती यंत्रे बसणार यावरून ठरवणे इष्ट होय. त्यांत रेकॉर्ड प्लेअर असेल, तर कंपनाचा विचार आधी करावा लागतो. कारण ध्वनिमुद्रिकेच्या खाचेतील सूक्ष्म चढउतार आणि पावलांचा हादरा यांत सुईला भेद करता येत नाही, आणि स्पीकरचा खर्ज, म्हणजे मंद्र स्वरांची कंपने, मांडणीवाटे सुईपर्यंत परतली की अखंड घुमणारा आवाज सुरू होतो. त्यामुळे स्पीकर त्याच मांडणीवर ठेवणे, कितीही शोभिवंत दिसले तरी, अयोग्यच. लाकडी तक्तपोशीच्या घरांत प्लेअरसाठी भिंतीतली फळी बरी. काँक्रीटच्या स्लॅबवर हा उपद्रव बराच कमी असतो.

हौशी मंडळींत रूढ असलेल्या एका रचनेत १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडच्या फळ्यांना चारही कोपऱ्यांत भोके पाडून त्यांतून सबंध लांबीवर आटे पाडलेले १२ मिलिमीटरचे पोलादी गज ओवतात आणि प्रत्येक फळी वरून व खालून वायसर-नटने आवळतात. नट फिरवला की फळीची उंची बदलते आणि स्पिरिट लेव्हलमधला बुडबुडा मध्यावर येईपर्यंत कोपरे वरखाली करता येतात. तयार कपाटांत ही सोय क्वचितच आढळते, शिवाय बंद पाठीमुळे ॲम्प्लिफायरची उष्णता कोंडते. ध्वनिमुद्रिकांचा कप्पा मात्र तळाशीच हवा, कारण सुमारे ३१ सेंटिमीटर उंचीची वेष्टने उभी रचल्यावर शंभर मुद्रिकांचे वजन २० किलोंच्या वर जाते.