खेळातले चित्र, भिंतीवरचे चित्र

कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत यंत्राचा सुटा भाग घडण्यापूर्वी त्याची त्रिमितीय आकृती संगणकाच्या पडद्यावर उभी राहते. ती आकृती काढणाऱ्याच्या कौशल्याला समाजात मान आहे. मात्र त्याच घरातील मुलगा किंवा मुलगी व्हिडिओ गेममधील पात्रे आणि किल्ले रेखाटू लागली, त्यांची छापील चित्रे खोलीत लावू लागली, की आई-वडिलांच्या कपाळावर आठी पडते. ही कला की नुसते वेड, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर शांतपणे शोधायला हवे.

लॉस एंजेलिस येथे २००५ मध्ये ‘आय ॲम एट बिट’ नावाचे समूहप्रदर्शन भरले. १९८० च्या दशकातील गेमपासून प्रेरणा घेऊन अनेक चित्रकारांनी आपापल्या शैलीत चित्रे मांडली. त्या जुन्या गेममधील पात्रे म्हणजे मोजके चौकोनी ठिपके. उरलेले रूप खेळणाऱ्याने मनात पूर्ण करायचे. चित्रकारांनी ते मनातले रूप कागदावर आणले. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने पॅक-मॅन, टेट्रिस आदी १४ गेम आपल्या संग्रहात घेतले. टेट्रिसमध्ये ना शस्त्र आहे, ना कुणाचा वध. केवळ आकार जुळवण्यातून मन गुंतते.

खेळ आणि चित्र यांचे नाते आपल्याला तरी नवे कुठे आहे? जैन परंपरेतील ज्ञानबाजीचा पट आठवावा. बहुधा ८४ घरांचा हा रंगीत पट कापडावर किंवा कागदावर चितारला जाई आणि पर्युषणकाळात खेळला जाई. शिडीने पुण्य वर नेते, सर्प पापाची अधोगती दाखवतो, आणि शिरोभागी सिद्धशिला असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये याच कुळातील खेळ ‘सापशिडी’ होऊन छापला गेला. पुढे त्यातील तत्त्वविचार पुसट होत गेला. पट तोच राहिला तरी चित्रामागचा विचार गेला, की उरते केवळ करमणूक.

छपाईविषयीही तेच म्हणता येईल. १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांनी मुंबईत मुद्रणालय सुरू केले आणि राजवाड्यातले चित्र सामान्यांच्या घरी पोहोचले. छापील प्रत म्हणून सामान्य घरांनी त्या चित्रांना कमी लेखले नाही.

आजचे उदाहरण पुण्याचे आहे. तेथील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी’ हा गेम २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या दृश्यांवर पहाडी लघुचित्रांची छाया आहे आणि कथाभाग छायाबाहुल्यांच्या शैलीत येतो. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा त्यांचा प्रयत्न अपुरा पडला होता, तरीही काम थांबले नाही. या गेममध्ये असुरांशी युद्ध आहे. अहिंसा मानणाऱ्या घराला ते खटकू शकते. म्हणूनच चित्रकला आणि खेळाचा आशय यांची पारख वेगवेगळी करावी लागते.

तेव्हा मुलांच्या खोलीतील चित्र काढून टाकण्यापूर्वी त्यांच्याशेजारी बसून तीन प्रश्न विचारावेत. या चित्रातले तुला काय आवडले? ते कोणी काढले? आणि याहून वेगळे तू काय काढशील? पडद्यावरचे चित्र क्षणात सरकते, भिंतीवरचे थांबते. थांबलेल्या चित्राविषयी बोलता येते. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर आले, तर ते नुसते वेड नव्हे. मात्र दुसऱ्याच्या पात्राची चित्रे छापून विकायची असतील तर मालकाची परवानगी घ्यावी, हेही मुलांना सांगावे. न दिलेले घेऊ नये, हे आपले अचौर्य व्रतच आहे.

कोल्हापूरला चित्रकारांची मोठी परंपरा आहे. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांच्या या नगरीत शाहू स्मारक भवनाचे कलादालन आहे आणि कलेचे शिक्षण देणाऱ्या संस्थाही आहेत. कागल परिसरातील पाच-सात मुलांनी एकत्र येऊन ज्ञानबाजीचा पट आजच्या रेषेत चितारला, त्याच्या प्रती छापल्या आणि त्यांचे समूहप्रदर्शन भरवले, तर पाहायला आजी-आजोबाही येतील. नातवंडे रंगांविषयी सांगतील आणि आजोबा एकेका घराचा अर्थ उलगडतील.