फोडणी एका ओट्यावर, डबा दुसऱ्यावर

चार कोअर, आठ कोअर असं वाचून आपण कॉम्प्युटर घेतो; पण कुठला प्रोग्राम कुठल्या कोअरवर चालावा हे आपणच ठरवू शकतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, 'डिटेल्स'मध्ये जा, प्रोग्रामच्या नावावर राइट क्लिक करून 'सेट अ‍ॅफिनिटी' निवडा. समोर चौकटींची रांग येते: सीपीयू ०, सीपीयू १, सीपीयू २... हो, मोजणी शून्यापासून! ज्या चौकटीतली खूण काढाल, त्या कोअरकडे प्रोग्राम फिरकत नाही. मात्र तो बंद करून पुन्हा उघडलात, की सगळं पहिल्यासारखं.

लिनक्सवर हेच काम 'टास्कसेट' करतं आणि त्यातला हिशेब मला फार आवडतो. कोअरांना क्रमाने १, २, ४, ८ अशी वजनं द्यायची. ३ म्हणजे पहिले दोन कोअर, ५ म्हणजे पहिला आणि तिसरा. बेरीज कुठलीही असो, तिची फोड एकाच प्रकारे होते, म्हणून एका आकड्यात सगळी यादी मावते. ६४ बिटांच्या आकड्यात अर्थात ६४च कोअर! त्याहून मोठ्या मशीनसाठी विंडोज ७ च्या वेळी मायक्रोसॉफ्टला प्रोसेसरांचे गट पाडावे लागले.

पण प्रोग्राम एका जागी बांधायचाच कशाला? कॅशसाठी. प्रत्येक कोअरला स्वतःची चिमुकली, अतिवेगवान मेमरी असते. तिथून माहिती प्रोसेसरच्या घड्याळाच्या चार-पाच ठोक्यांत मिळते. मुख्य मेमरीतून आणायला शंभराहून जास्त ठोके लागू शकतात. प्रोग्रामचा कोअर बदलणं म्हणजे तेल तापलेलं असताना स्वयंपाक करणारीला दुसऱ्या ओट्यावर पाठवणं. मिसळणाचा डबा राहिला मागेच. कुठल्या प्रोग्रामला कुठला कोअर द्यायचा हे ठरवणारा ऑपरेटिंग सिस्टीममधला शेड्युलरही शक्यतो प्रोग्रामला जुन्याच कोअरवर परत बसवतो, त्यामुळे उगाच बांधाबांध करू नये. बांधलेला कोअर गुंतलेला असला, तर शेजारचे रिकामे असूनही प्रोग्राम ताटकळतो.

कामाला जागा नेमून देण्याची ही कल्पना जुनीच. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये उभारलेला 'परम ८०००' हा महासंगणक ट्रान्सप्युटर नावाच्या चिपांवर चालायचा. या चिपांसाठी बनवलेल्या ऑकम भाषेत 'प्लेस्ड पार' अशी खास रचनाच होती: कुठलं काम कुठल्या प्रोसेसरवर, हे प्रोग्रामर स्वतः लिहून देई.

गेम खेळणाऱ्यांनी हे तंत्र गरजेपोटी शिकून घेतलं. २००५ मध्ये दोन कोअरांचे अ‍ॅथलॉन आले आणि काही जुने गेम अडखळू लागले, कारण दोन्ही कोअरांच्या ठोक्यांची मोजणी जुळत नव्हती. उपाय? गेम एकाच कोअरवर बसवा.

२०२१ मध्ये इंटेलने एकाच चिपवर दांडगे आणि काटकसरी असे दोन जातींचे कोअर दिले, तेव्हा काही गेमच्या कॉपी-संरक्षणाला वाटलं, हे दोन वेगळे कॉम्प्युटरच आहेत! तोडगा असा निघाला: बायोसमध्ये एक सोय चालू करा आणि स्क्रोल लॉक दाबा, काटकसरी कोअर बाजूला बसतात. वर्षानुवर्षं कीबोर्डावर नुसतं बसून असलेल्या त्या बटणाला अखेर काम मिळालं.