ऑफिसातील काटकसर आणि कोराडीची राख

पर्यावरण म्हटले की आपल्या व्यापारी बंधूंना कारखान्याची चिमणी किंवा जंगलतोड आठवते. मोमिनपुऱ्यातील ट्रान्सपोर्टचे ऑफिस, इतवारीतील पेढी किंवा बर्डीवरील दोन खोल्यांची कचेरी यांचा त्याच्याशी काय संबंध, असे अनेकांना वाटते. संबंध आहे, आणि नागपुरात तो फार जवळचा आहे.

शहराच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा ही महानिर्मितीची दोन औष्णिक वीज केंद्रे आहेत. एकट्या कोराडीत ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत. आपल्या बटणामागची वीज नेमकी कोणत्या केंद्रातून आली हे सांगता येत नाही. परंतु राज्यातील बरीचशी वीज आजही कोळशावरच तयार होते. एका युनिटसाठी साधारणपणे ६०० ते ८०० ग्रॅम कोळसा जळतो आणि आपल्याकडील कोळशात तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त, राखच असते. जुलै २०२२ मध्ये मुसळधार पावसात कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला. राखेचा गाळ शेतांत शिरला, नाल्यांतून नदीत गेला. नुकसान शेजारच्या गावकऱ्यांचे झाले. कन्हान तर नागपूरला पाणी पुरवणारी नदी आहे.

तेव्हा विजेची बचत ही पैशाची बचत आहेच, शिवाय शेजाऱ्याचा विचारही आहे. सुरुवात कोठून करावी, ते पाहू.

पंखे व दिवे : साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, नवीन बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. चार पंखे रोज १० तास चालले तर दिवसाला जवळजवळ १.८ युनिट वाचतात. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ५४० युनिट. आपल्या बिलावरील व्यापारी दराने गुणून पाहावे, पंख्याची किंमत किती दिवसांत वसूल होते ते लगेच कळेल. कोळशाचा हिशेब केला तर ३०० किलोंहून अधिक कोळसा जळायचा वाचतो. जुनी ट्यूबलाइट चोकसह ५० वॅट घेते, तिच्या जागी २० वॅटची एलईडी पुरते.

एसी व कूलर : २३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा शहरात गारवा ही चैन नव्हे. मात्र एसी १८ वर ठेवून अंगावर शाल घेणे हा शहाणपणा नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या हिशेबाने प्रत्येक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. म्हणूनच १ जानेवारी २०२० पासून नवीन एसी सुरू होताना २४ अंशांवरच सुरू व्हावा, असा नियम झाला. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत आपला कूलर एसीच्या मानाने फारच थोड्या विजेत काम भागवतो. त्याच्या ताट्या दर हंगामात बदलाव्यात. टाकी आठवड्याला रिकामी करून कोरडी करावी, नाहीतर डेंग्यूचे डास होतात. काढलेले पाणी फरशी धुण्यास चालते.

कागद व चहा : कच्चे बिल, हिशेब पाठकोऱ्या कागदावर करावेत. रद्दी कोरडी ठेवली तर तिचा भाव येतो. कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, तो रद्दीत चालत नाही. दहा माणसांच्या ऑफिसात दोनदा चहा झाला की रोज वीस कप कचऱ्यात जातात. काचेचे डझनभर ग्लास घेतले की प्रश्न मिटला.

जुनी यंत्रे : इन्व्हर्टरची जुनी बॅटरी नवी घेताना दुकानदाराकडेच परत द्यावी, त्यात शिसे व आम्ल असते. बंद पडलेले कॉम्प्युटर, प्रिंटर नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावेत. तांब्यासाठी वायरी जाळणाऱ्याच्या हाती ते गेले तर विषारी धूर वस्तीतच राहतो.

शेवटी एक सोपी तपासणी. आज संध्याकाळी कुलूप लावताना मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि सकाळी पुन्हा पाहा. फ्रीज किंवा कॅमेरा चालू नसतानाही आकडा पुढे सरकला असेल, तर एखादे बटण चालू राहिले आहे. ते शोधून बंद करा. आमच्या मते बचतीचा पहिला धडा तोच.