पट्टे आहेत, पण जायचं कुठून?

मैत्रिणींनो, रस्त्यावरचा झेब्रा पट्टा कधी मोजून पाहिलाय? आम्ही पाहिला. पहाटे साडेसहाला, गाड्यांची वर्दळ सुरू व्हायच्या आत, आम्ही पाचजणी शाळेसमोरच्या रस्त्यावर ओणव्या झालो होतो. आमच्या गटातली एक ताई ब्लाउज शिवते, तिची शिवणाची टेप हातात. दूधवाला सायकल थांबवून बघत राहिला. त्याला वाटलं, कुणाचं तरी मंगळसूत्र पडलं असावं.

गाव तलासरी तालुक्यातलं. नाव मुद्दामच लिहीत नाही. असे पट्टे एकाच गावात असते, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

मोजायची पाळी का आली, ते सांगते. आमच्या गटातली एकजण हंगामात चिकूच्या वाडीत कामाला जाते. सकाळी लेकीला शाळेत सोडायचं आणि रस्ता ओलांडून पलीकडून टमटम धरायची, हा तिचा रोजचा क्रम. ती कधीही कुठूनही पळत सुटणारी बाई नव्हे. पट्ट्यांवरूनच जायची. त्या दिवशीही पट्ट्यांवरूनच निघाली. अर्धा रस्ता पार केला आणि समोर दुभाजक. कमरेएवढा, सलग, कुठे फट नाही. पट्टे त्या भिंतीला जाऊन थडकतात आणि भिंतीच्या पलीकडे पुन्हा सुरू होतात! लोकांनी जा-ये करून दुभाजकाला पाडलेली फट तिथून साठ पावलांवर. म्हणजे तेवढं अंतर दुभाजकाला अंग चिकटवून, गाड्यांच्या बाजूने चालायचं. रोज चालायची तशी ती चालत होती, आणि मागून मोटारसायकल आली.

पायात सळई घातली. आठ महिने घरी. चिकूचा अख्खा हंगाम गेला, मजुरी गेली, गटाचे हप्ते आम्ही मागेपुढे करून घेतले. ज्याची गाडी लागली तो पोरगाही पडला होता, कोपरं सोललेली. दवाखान्यात तो माझ्यापुढे रडत होता, "काकू, खरंच सांगतो, पट्टे दिसलेच नाहीत हो." मला आधी राग आला. मग मी त्याच वाटेने, त्याच वेळी, आमच्या ह्यांच्या स्कूटरवर मागे बसून गेले. सूर्य समोर, रस्त्यावर धूळ, आणि पट्टे? मलाही दिसले नाहीत. आहेत हे माहीत असूनही दिसले नाहीत.

पुढच्या बैठकीत हा विषय निघाला, तेव्हा कोपऱ्यात बसलेली एक म्हातारी बाय म्हणाली, "पट्टं तं आहात, पन जायचा कठं?" सगळ्या हसल्या. नंतर कुणीच हसलं नाही.

आता आमच्या भागाचं थोडं. डहाणू आणि तलासरी या दोन्ही तालुक्यांना मुंबई-अहमदाबाद महामार्ग मधोमध चिरत जातो. पूर्वीचा आठ नंबर, आता अठ्ठेचाळीस. मनोर सोडलं की चारोटी, विवळवेढ्याचं महालक्ष्मीचं देऊळ, मग दापचरी, तलासरी, आच्छाड आणि गुजरातची हद्द. चारोटीला डहाणूहून जव्हारकडे जाणारा रस्ता त्याला छेदतो. चैत्र पौर्णिमेपासून महालक्ष्मीची जत्रा भरते, तेव्हा पाड्यापाड्यांतून माणसं चालत येतात, डोक्यावर बोचकी, काखेत पोर. एरवीही महामार्गाच्या कडेला शेवळं, ताडगोळे, जांभळं घेऊन बसलेल्या बायका तुम्ही गाडीतून पाहिल्या असतील. त्यांचं घर बहुधा रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला असतं. गाडीवाल्याला हा रस्ता लांब दिसतो. आमच्या बायकांना तो आडवा दिसतो.

चारोटीचं नाव साऱ्या देशाला कळलं ते 4 सप्टेंबर 2022 रोजी. उद्योगपती सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल त्या रविवारी दुपारी सूर्या नदीच्या पुलावर गाडी आदळून गेले. उदवाड्याहून मुंबईला परतत होते. वेगाची चर्चा झाली, मागच्या सीटवरच्या बेल्टची झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट बाहेर आली, जी आमच्याकडे टेम्पोवाल्यांना पाठ होती. मुंबईकडे जाताना पुलाच्या अलीकडे रस्ता वळतो आणि तीन मार्गिकांच्या दोन होतात. हे आधीच सांगणाऱ्या नीट खुणा तिथे नव्हत्या. घोडबंदर ते दापचरी या सुमारे शंभर किलोमीटरच्या पट्ट्यात त्या वर्षी तोवर 62 माणसं गेली होती, त्यातली 26 एकट्या चारोटीच्या आसपास. ही आकडेवारी तेव्हाच्या वर्तमानपत्रांत आली. त्या सव्वीसांपैकी बाकीच्यांची नावं कुणाला आठवतात? नंतर पुलाच्या तोंडाशी धडकेचा जोर सोसणारे आडोसे बसले. चांगलं झालं. पण अपघातानंतरचं शहाणपण फार महागात पडतं.

तीनच्या दोन मार्गिका होतात म्हणजे काय, हे मला एका निवृत्त अभियंत्यांनी कागदावर काढून दाखवलं. म्हणाले, "वहिनी, तुम्ही भाकरी थापता तेव्हा परात लहान असेल तर आधीच हात आवरता ना? ड्रायव्हरला हात आवरायला आधी सांगावं लागतं." कसं सांगतात? रस्ता अरुंद व्हायच्या बऱ्याच आधी पाटी. मग रस्त्यावरच आत वळणारे बाण. कडेची रेघ हळूहळू तिरकी होत आत येते. दुभाजकाच्या किंवा कठड्याच्या टोकाआधी तिरप्या रेघांचं जाळं, म्हणजे इथे चाक घालू नका. रात्रीसाठी रस्त्यात बसवलेले चमकणारे खिळे. वेग कमी करायला खडखडणारे रंबलर. यातलं एक नसलं तरी दुसरं सांभाळून घेतं. सगळीच नसली, तर शंभरच्या वेगात आलेल्या माणसाला कळतं ते भिंत समोर आल्यावर.

तुटक रेघ ओलांडता येते आणि सलग रेघ ओलांडायची नाही, एवढं तरी गाडी चालवणाऱ्याला माहीत असतं. निदान लायसन्सच्या परीक्षेपुरतं! पण आमच्या रस्त्यांवर सलग रेघही झिजून तुटक होते. तेव्हा गाडीवाल्याने काय समजायचं? वळणावर, चढावर, जिथे पुढचं दिसत नाही तिथे सलग रेघ असते. ती पुसली गेली की रस्ता जणू म्हणतो, घाल पुढे.

रंगाचंही शास्त्र आहे. मला वाटायचं, चुना कालवून मारत असतील. चांगला पट्टा थर्मोप्लास्टिकचा असतो. ती पूड वितळवून गरमगरम रस्त्यावर ओततात, साधारण अडीच मिलिमीटर जाडीचा थर. तो ओला असतानाच वरून काचेचे बारीक मणी पेरतात. साखरेच्या दाण्याहूनही बारीक. रात्री गाडीचा उजेड त्या मण्यांवर पडतो आणि तसाच उलट गाडीवाल्याच्या डोळ्यांकडे येतो, म्हणून पट्टा चमकतो. मणी नसले किंवा झडले, तर दिवसा पांढराशुभ्र दिसणारा पट्टा रात्री गायब. आणि खालचा रस्ता आधी झाडून, कोरडा करून घ्यावा लागतो. धुळीवर मारलेला पट्टा म्हणजे न सारवलेल्या अंगणातली रांगोळी.

आता महामार्गावर घोडबंदरपासून आच्छाडपर्यंत डांबरावर काँक्रीटचा थर देण्याचं मोठं काम हाती घेतलं गेलं. खड्ड्यांचा वनवास संपावा म्हणून. पण काँक्रीट करडं-पांढरट, त्यावर पांढरी रेघ डांबरावरच्या रेघेसारखी उठून दिसत नाही. काही देशांत अशा ठिकाणी पांढऱ्या रेघेला काळी कड देतात. भाताच्या पिठाचं चित्र गेरूच्या भिंतीवरच का काढतात, ते आमच्या पाड्यावरची कोणतीही वारली बाई सांगेल. पांढऱ्यावर पांढरं काढायचं तिच्या मनातही येणार नाही.

गेल्या पावसाळ्यात तलासरीहून डहाणूला परतताना रात्र झाली. गाडी हे चालवत होते. मी शेजारी बसून आपलं रामरक्षा म्हणत होते. पाऊस असा की वायपर हरले. समोरून कंटेनर, त्याचे दिवे डोळ्यांत. कडेची रेघ कुठे दिसेना. हे मला म्हणाले, "तू खिडकीतून खाली बघ आणि रस्ता संपला की सांग." चारोटीपर्यंत मी "आहे, आहे" म्हणत आले. घरी पोचल्यावर आम्ही दोघं बराच वेळ काही न बोलता बसलो. आम्ही तरी गाडीत होतो. त्या पावसात कडेने चालणाऱ्या कुणाला आमची गाडी लागली असती, तर मी काय म्हटलं असतं? "दिसलंच नाही हो." त्या पोराचंच वाक्य.

या सगळ्याची माहिती काढताना मला एक बाई भेटली. भेटली म्हणजे वाचनात. डॉ. जून मॅकॅरोल. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या इंडिओ गावची. तिथल्या आदिवासी वस्त्यांमध्ये औषधोपचार करत फिरायची. 1917 साली समोरून आलेल्या ट्रकमुळे तिची गाडी रस्त्याबाहेर वाळूत गेली. ट्रकवाला रस्त्याच्या मध्यावरून चालवत होता, कारण मध्य कुठे आहे हे दाखवणारं काही नव्हतंच. तिने अधिकाऱ्यांना सुचवलं, मधोमध पांढरी रेघ मारा. त्यांनी ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. (ही पद्धत जगभर सारखीच दिसते.) मग घरापुढच्या रस्त्यावर बाईने स्वतःच चार इंची पांढरी रेघ मारली. आणि पुढे गावातल्या महिला मंडळाला हाताशी धरून पत्रांवर पत्रं लिहिली. सात वर्षं! 1924 मध्ये कॅलिफोर्निया राज्याने ही रेघ स्वीकारली. तिच्याही आधी, 1911 मध्ये, मिशिगनमध्ये अशी रेघ मारली गेली होती, त्यामुळे ती पहिलीच असं म्हणणार नाही. पण तिच्या गावाजवळच्या महामार्गाच्या एका भागाला 2002 साली तिचं नाव दिलंय.

हे मी बैठकीत सांगितलं. ब्लाउजवाल्या ताई लगेच म्हणाल्या, "आपण रंग मारायचा का?" त्यांना आवरलं. रस्त्यावर आपल्या मनाने रंग मारून चालत नाही, चुकीच्या जागी मारला तर आपणच कुणाला तरी गाडीखाली पाठवू. पण मोजायला कुणाची परवानगी लागत नाही.

म्हणून ती टेप. झेब्य्राचा पट्टा पन्नास सेंटिमीटर रुंद हवा आणि दोन पट्ट्यांमधली जागाही तेवढीच, असं इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक सांगतं. आमच्याकडचा एक पट्टा भरला अडतीस, एक बेचाळीस, एकाची कड कुठे सुरू होते तेच कळेना. आम्ही सगळं वहीत लिहिलं. दुभाजकाची उंची, फटीपर्यंतची पावलं, शाळा सुटताना अर्ध्या तासात रस्ता ओलांडणारी मुलं किती, त्यातली फटीतून जाणारी किती. दुभाजकावर चढून जाणाऱ्या मुलींचा वेगळा रकाना करावा लागला.

आणखी एक कागद सोबत जोडला. 2019 साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. त्यातलं 198-अ हे कलम सांगतं की, रस्त्याची आखणी, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे केली नाही आणि त्यामुळे कुणाचा जीव गेला किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला, कंत्राटदाराला, सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हेल्मेट नसल्याचा दंड घराघरात माहीत आहे, हा मात्र मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांच्यापैकी एकालाही माहीत नव्हता. राष्ट्रीय महामार्गावरची तक्रार असेल तर 1033 हा नंबर आहे, चोवीस तास चालतो. गावातल्या रस्त्याला तो लागू नाही. तिथे आधी रस्ता कुणाचा, हेच शोधावं लागतं.

आमचा रस्ता कुणाचा, हे शोधण्यात तीन महिने गेले. एका कार्यालयातून दुसऱ्यात, तिथून पुन्हा पहिल्यात. एका साहेबांनी फार प्रेमाने चहा पाजला आणि म्हणाले, "ताई, एवढ्या छोट्या गोष्टीसाठी तुम्ही एवढ्या लांब आलात!" आमच्यासोबत ती चिकूवाली मैत्रीण कुबडी टेकून आली होती. तिने काही न बोलता पातळ जरासं वर करून पायावरची टाक्यांची खूण दाखवली. साहेबांनी अर्जावर शिक्का मारला.

पट्टे एकदा रातोरात मारून गेले. पहिल्या पावसात निम्मे धुतले गेले. आम्ही पुन्हा मोजले, पुन्हा अर्ज. दिवाळीनंतर माणसं आली, यंत्र आलं, वितळलेला रंग ओतला, वरून मणीही टाकले. शाळेतली पोरं ते मणी वेचायला धावली. आणि गेल्या महिन्यात दुभाजकही फोडला. सात फुटांची वाट, दोन्ही बाजूंना रिफ्लेक्टर.

फक्त ती वाट फोडली ती लोकांच्या जुन्या फटीपाशी, म्हणजे साठ पावलांवर. पट्टे आहेत तिथेच आहेत.

येत्या मंगळवारी पुन्हा जायचंय. टेप ताईंच्या पिशवीत आहे.