लहान मुलांच्या गळ्यास बसलेला फास

नाशकांतल्या कित्येक घरांत कडीला जुन्या साडीचा झोका असतो. खेळतां खेळतां मूल गिरकी घेतें, साडीला पीळ बसतो आणि गळ्यास फास पडतो. सोडविल्यावर मूल रडलें, मानेवर वळ दिसला नाहीं, कीं घरचीं माणसें निश्चिंत होतात. परंतु मऊ कापडाचा वळ पुष्कळदां उमटतच नाहीं. घोगरा आवाज, गिळतांना दुखणें, श्वासाची घरघर, पापण्यांवर वा डोळ्यांच्या पांढऱ्या भागांत बारीक तांबडे ठिपके, गुंगी, ओकारी हीं आंतील इजेचीं लक्षणें होत. सूज कांहीं तासांनींही वाढून श्वास कोंडूं शकतो. म्हणून लक्षण दिसो वा न दिसो, मुलास लागलीच डॉक्टरांस दाखवावें. श्वास अडखळल्यास १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. झोक्याची हकीकत संशयास्पद वाटल्यास बालकांच्या मदतीचा १०९८ हा क्रमांक फिरवावा.